काविळीचा दिवा

कोल्हापुरात गेल्या चाळीस वर्षांत ज्यानं गणपती बघितलेत, त्यानं माझं काम बघितलंय. नाव मात्र ऐकलेलं नसणार. मूर्तिकाराचं नाव होतं, मंडळाच्या अध्यक्षाचं होतं, वर्गणी देणाऱ्याचंसुद्धा फळ्यावर येतं. मंडपामागे वायरींच्या गुंत्यात उभा राहून बटण दाबणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. आमच्या धंद्याला लोक 'लायटिंग' म्हणतात. लग्न, जत्रा, उद्घाटन, गणपती. जिथे चार माणसं जमून वर बघतात, तिथे आम्ही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका तालमीच्या अध्यक्षाला गणपतीपेक्षा उंदराचे डोळे जास्त उजळ पाहिजे होते, कारण शेजारच्या तालमीचा उंदीर डोळे मिचकावत होता. एका वरबापानं मंडपाच्या दारावर दिव्यांत व्याह्याचं नाव लिहायला लावलं आणि बैठकीत दोघांचं वाजल्यावर "पुसून टाका" म्हणाला. दिव्यांतलं नाव पुसता येत नाही, एकेक बल्ब काढावा लागतो, हे त्याला पटेना. मी अशा लोकांशी घासाघीस करूनच मोठा झालो. शाळा सातवीत सुटली. विशीत असताना इथल्याच एका स्टुडिओत सिनेमाचे दिवे उचलायचं काम केलं, मग लक्ष्मीपुरीत स्वतःचं दुकान टाकलं. आवाज चढवल्याशिवाय मी एकही सौदा केलेला नाही. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम ना गणपतीचं, ना लग्नाचं. ते एका तीन दिवसांच्या पोरासाठी केलेलं काम होतं.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि सुती साडीतल्या एक बाई उतरल्या. डॉक्टर वसुधा सामंत. शाहूपुरीत त्यांचा लहान मुलांचा बारा खाटांचा दवाखाना होता. हातात इंग्रजी मासिक, त्यात खुणेची चिठ्ठी.

"बापूराव तुम्हीच ना? मला एक दिवा बनवून हवाय. नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या काविळीसाठी."

मी हसलो. "बाई, कावीळ उतरवायला लोक मंत्र म्हणतात. दिवा कुठनं काढला?"

"मंत्र तुम्ही म्हणा, दिवा मला द्या," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं समजावलं. मला जसं समजलं तसं सांगतो. बाळाच्या रक्तातल्या जुन्या पेशी मोडतात, त्यातून एक पिवळं द्रव्य तयार होतं. मोठ्या माणसाचं यकृत ते बाहेर टाकतं. नवजात बाळाचं यकृत अजून कामाला लागलेलं नसतं, म्हणून बरीच बाळं दोन-तीन दिवस पिवळी दिसतात आणि आपोआप बरी होतात. पण आई आणि बाळाचा रक्तगट जुळत नसेल तर पेशी भराभर मोडतात, पिवळं द्रव्य साठतं आणि मेंदूत शिरतं. मग पोर जातं, नाहीतर जन्मभराचं अधू होतं. त्यावर उपाय एकच होता: बेंबीतून नळी घालून थोडं थोडं करत सगळं रक्त बदलायचं. ते काम जोखमीचं. आता नव्यानं असं दिसून आलं होतं, की बाळाला उघडं करून उजेडात ठेवलं तर कातडीतलं ते पिवळं द्रव्य उजेडानंच बदलतं आणि शरीराबाहेर जाऊ लागतं. त्यातही निळा उजेड सगळ्यात गुणकारी.

"परदेशात यासाठी खास निळ्या ट्यूब मिळतात," बाई म्हणाल्या. "इथे नाहीत. मागवायच्या तर किती महिने लागतील देव जाणे."

"निळ्याची काळजी तुम्ही करू नका," मी म्हणालो. "गणपतीत अख्खा हिमालय निळा केलाय मी."

हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

सौदा ठरताना मी नेहमीसारखा खुर्ची सोडून उभा राहिलो. बाई या दिव्याखाली ठेवलेल्या बाळांच्या नोंदी करून बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत निबंध वाचणार होत्या. मी म्हणालो, "मजुरी सोडतो. पण त्या निबंधात माझं नाव पाहिजे."

"बघते."

"बघते न्हाय बाई. देते म्हणा."

बाई हसल्या. "बरं, देते."

पत्र्याची पेटी करायला मी दस्तगीरला बोलावलं. दस्तगीर माझा जुना जोडीदार, बोहरी गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं काम करायचा. पत्रा त्याच्या हातात कागदासारखा वळायचा. काय बनवायचं ते त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कावीळ म्हंजे तीच काय, बापू? आमच्या थोरल्याला झालती ती?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी त्याचं पहिलं पोर पाचव्या दिवशी गेलं होतं. घरच्यांनी कोवळं ऊन दाखवलं, झाडपाला बांधला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा पोर दूध ओढेनासं झालं होतं. रक्त बदलायला घेतलं, पण उशीर झाला होता. आता त्याची बायको जैतुन पुन्हा गरोदर होती, सात महिने पुरे झालेले.

मी त्याला बाईंकडे नेलं. बाईंनी त्याचे आणि जैतुनचे रक्तगट तपासले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की या बाळालाही तसंच व्हायचा संभव आहे.

"दोन महिने हायत," दस्तगीर म्हणाला. "पेटी मी पंधरा दिवसांत देतो. पैसा नगो, काय नगो. दिवा चालला पायजे बगा, बाई."

पेटी त्यानं अशी बनवली की दागिना. आत दोन-दोन फुटी सहा ट्यूब, खाली जाड काच, म्हणजे एखादी ट्यूब फुटली तरी तुकडे बाळावर पडू नयेत. चोक तापतात म्हणून ते मी पेटीबाहेर मागच्या पट्टीवर बसवले. काटकोनी स्टँडवर पेटी वरखाली करता येत होती. आणि निळ्यासाठी मी माझं नेहमीचं हत्यार काढलं: निळा जिलेटीन पेपर. आरसपानी, गर्द, सगळ्यात महाग प्रतीचा. सहाही ट्यूबना दुहेरी गुंडाळला. मंडपात दिवा उंच लावतात, उजेड सगळीकडे सारखा पडावा म्हणून, तशी पेटीही मी खाटेपासून तीन फूट वर चढवली. बटण दाबलं तर ती खोली चांदण्यात न्हाल्यासारखी झाली. दवाखान्यातल्या सिस्टर शालिनीताईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! हितं गणपतीच बसवावा की!"

मला आणखी काय पाहिजे होतं?

जैतुनला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला. बाईंनी टाचेतून रक्त काढून तपासलं, आकडा आला चौदा. वीसच्या जवळ गेला तर रक्त बदलायचं, असं बाईंनी सांगून ठेवलं. डोळ्यांवर काळ्या कापडाची पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि बाळ माझ्या दिव्याखाली. दर दोन तासांनी शालिनीताई त्याची कूस बदलायच्या, जैतुन पाजायची, की पुन्हा दिव्याखाली. दस्तगीर दाराबाहेर बाकावर बसून. मीही दुकान टाकून तिथेच होतो. स्वतःच्या लग्नात मला एवढी धाकधूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचलो तर आत आनंदीआनंद. शालिनीताई दारातच म्हणाल्या, "बापूराव, जिंकलात! रंग बगा कसा उतरलाय."

मी काचेतून बघितलं. खरंच, बाळाच्या अंगावर पिवळेपणाचा मागमूस नव्हता. निळ्या उजेडात ते कृष्णासारखं दिसत होतं. जैतुन रडत होती, दस्तगीरनं मला मिठी मारली. मी छाती फुगवून म्हणालो, "परदेशातनं ट्यूब मागवणार होते! हितं लक्ष्मीपुरीत सगळं मिळतंय."

तेवढ्यात बाई आल्या. कुणाशी न बोलता त्यांनी बाळाला उचललं आणि पूर्वेच्या खिडकीशी नेलं. सकाळचं ऊन सरळ आत येत होतं. त्या उजेडात मी पुन्हा बघितलं. पोर हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं होतं. कालपेक्षाही पिवळं.

रक्ताचा आकडा आला अठरा.

बाई हळूच म्हणाल्या, "बापूराव, निळ्या उजेडात पिवळं दिसतच नाही."

माझी कानशिलं तापली. "मग माझी काय चूक? निळा तुम्हीच मागितलात! मासिकात तुमच्या लिहिलंय! मी काय घरनं काढलं होतं?"

"मी निळा मागितला, बरोबर आहे. पण..."

"पण काय पण? काम झालं तर मासिक शाणं, फसलं तर लायटिंगवाला खुळा, व्हय?"

दस्तगीर मध्ये आला. त्याचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "बापू, भांडू नगा. आत पोरगं हाय."

मी बाजूला सरलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "रक्त देणारे तयार ठेवते. संध्याकाळी सहाला पुन्हा तपासू. आकडा वाढलेला असला तर रक्त बदलायला घेईन." दस्तगीर पुन्हा बाकावर जाऊन बसला. थोरल्याचं रक्त बदलताना तो असाच दुसऱ्या दवाखान्यातल्या बाकावर बसला होता.

मी दवाखान्यामागच्या आवारात येऊन ट्यूबच्या रिकाम्या खोक्यांवर बसलो. दिवा तर लखलखीत आहे, रंग तर गर्द आहे, मग होत का नाही? आणि एकाएकी स्टुडिओतला एक आवाज वीस वर्षांनी कानात वाजला. आमचा कॅमेरामन मोठा तिरसट माणूस. चांदण्याचा देखावा करायला आम्ही दिव्याला निळा कागद लावला, की तो तिथूनच ओरडायचा, "कागद लावलास ना? मग दोन दिवे वाढव! कागद उजेड खातो, गाढवा!"

कागद उजेड खातो! मी ताडकन उठलो. रंगीत कागद दिव्यात रंग घालत नाही. तो बाकीचे रंग अडवतो, आणि जाताजाता आपल्या रंगाचाही थोडा उजेड खातो. साध्या पांढऱ्या ट्यूबमध्ये जेवढा निळा उजेड मुळात होता, तेवढासुद्धा माझ्या दुहेरी कागदानं बाळापर्यंत जाऊ दिला नव्हता. डोळ्याला खोली निळी दिसत होती, आणि मी डोळ्यावर विश्वास ठेवला होता. वीस वर्षं लोकांना भुलवायचा धंदा करून शेवटी मीच भुललो होतो.

सायकल दामटत दुकानात गेलो. कॅमेरामनकडून घेतलेलं उजेड मोजायचं मीटर कपाटात होतं. येताना डे-लाइटच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या, सहा नव्या ट्यूब हँडलला बांधल्या. परत आलो तेव्हा धापा टाकत होतो.

"बाई, पाच मिनिटं बाळ बाजूला घ्या."

मीटरच्या डोळ्यावर निळ्या कागदाचा तुकडा चिकटवला, म्हणजे ते फक्त निळाच उजेड मोजेल, आणि बाळाच्या जागी ठेवलं. ट्यूबवरच्या कागदासकट सुई जेमतेम हलली. मी ट्यूबवरचा सगळा कागद टराटरा फाडला, पुन्हा ठेवलं. सुई उडालीच! बाई वाकून बघत होत्या. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा केलं, मग नव्या ट्यूब बसवून तिसऱ्यांदा. त्यांच्या डोळ्यांत जो प्रकाश आला तो मला अजून दिसतो. त्यांनी पदर खोचला.

"अजून काय करता येईल?"

"पेटी खाली घेऊ."

"किती?"

"तुम्ही सांगा. बाळ तापता कामा नये."

तीन फुटांवरून दीड फुटावर आणली. सुई आणखी चढली. बाईंनी बाळाच्या जागी ताप मोजायचं काचेचं यंत्र ठेवून खात्री करून घेतली. तेवढ्यात मला स्टुडिओतले पांढरे पडदे आठवले. नटीच्या चेहऱ्यावर उजेड परतवायला आम्ही बाजूला पांढरं कापड ताणून धरायचो. "शालिनीताई, चादरी द्या. धुतलेल्या, पांढऱ्याफेक!" तीन बाजूंनी चादरी बांधल्या, वारा खेळायला जागा ठेवली. आता बाजूनं वाया जाणारा उजेडही परतून बाळावर येत होता. सुई अशी चढली की मी लहान पोरासारखा ओरडलो. शालिनीताईंनी मला गप्प केलं. "दवाखाना हाय हा. जत्रा न्हवं."

दुपारी एकच्या सुमारास बाळ पुन्हा दिव्याखाली गेलं. आता खोली सुंदर वगैरे काही दिसत नव्हती. किराणा दुकानासारखा पांढराफटक उजेड, त्यात चादरींचं पाल. जैतुन मला म्हणाली, "भाऊजी, कालचं बरं दिसत होतं."

"दिसू दे की मग," मी म्हणालो. "आता दिसण्यावर जाऊ नगंस."

पाच तास. बाईंनी रक्त देणाऱ्या दोघांना बाहेर बसवून ठेवलं होतं. दस्तगीर नखानं बाकाचा रंग खरवडत होता. सहाला रक्त काढलं. तपासणीच्या खोलीचं दार बंद झालं, आणि बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"साडेसतरा," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?" दस्तगीर उठला.

"म्हणजे वाढायचं थांबलंय. थोडंसं उतरलंयसुद्धा. आज रक्त बदलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला चौदा. त्याच्या पुढच्या दिवशी दहा. बाईंनी बाळाला पुन्हा त्याच पूर्वेच्या खिडकीत नेलं आणि या वेळी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. उन्हात पोर गव्हाळ दिसत होतं, आणि ऊन डोळ्यांवर आलं म्हणून जे काही बोंबलत होतं! जैतुननं हसत ते उचललं. दस्तगीर खिडकीच्या पत्र्यावरून हात फिरवत राहिला.

आता माझ्या तक्रारीकडे येतो.

त्याच आठवड्यात बाई वही घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "निबंधात पहिल्या दिवसाची हकीकत आधी लिहिणार. जिलेटीन लावल्यानं काय झालं ते."

मी उडालो. "कशाला? शेवट गोड झाला न्हवं? कागदाचं लिहू नका."

"ते लिहिलं नाही तर सांगलीत, बेळगावात, प्रत्येक गावातला डॉक्टर तुमच्यासारख्याच एखाद्या लायटिंगवाल्याकडे जाणार आणि तोही निळा कागदच लावणार. मग तिथलं बाळ?"

"आणि माझं नाव? नाव लिहिणार आणि त्याखाली खुळेपणा? अख्ख्या परिषदेसमोर?"

"नाव द्यायचं कबूल केलंय, देणारच."

मी टेबलावर हात आपटला. "मग नकोच माझं नाव! काढून टाका!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"एकदा सांगितलं न्हवं!"

आणि बाईंनी ते धरलं. निबंध छापून आला, त्यात कागदाची चूक सविस्तर होती, मीटरचा उपाय होता, पांढऱ्या चादरी होत्या, आणि पुढे फक्त 'स्थानिक कारागिराच्या मदतीने'. आता मला सांगा, चिडलेल्या माणसाचं बोलणं असं शब्दशः धरतात काय? दहा गिऱ्हाइकांना मी रोज "चालू लागा" म्हणतो, एक तरी जातं काय? घासाघीस म्हणजे काय, हे शिकलेल्या माणसांना कळतच नाही. एकदा, फक्त एकदा पुन्हा विचारायला हवं होतं. बाईंशी मी पुढे बरीच वर्षं काम केलं, आणखी तीन पेट्या करून दिल्या, पण हे मनातून गेलेलं नाही, आणि त्यांनाही मी तसं तोंडावर सांगितलंय. त्या हसून म्हणाल्या, "नाव परत हवं होतं तर तुम्हीच विचारायचं होतं, बापूराव."

दोनेक वर्षांनी जयसिंगपूरचा एक लायटिंगवाला दुकानात आला. पंचविशीतला गडी, नवीनच धंद्यात पडलेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला काविळीचा दिवा करायला सांगितला होता आणि पेटी कशी असते ते बघून यायला कोल्हापूरला पाठवलं होतं. पेटी बघून झाली. मग तो खाजगीत विचारावं तसं म्हणाला, "मालक, एक शंका हाय. डॉक्टर म्हंतात निळा कागद अजिबात लावायचा न्हाय. तसं छापूनच आलंय म्हणं. पण पावणं, निळा लावला की दिसतंय झकास. थोडा लावला तर काय बिघडतंय?"

"बिघडतंय," मी म्हणालो.

"कुणी खुळ्यानं लावला असंल पयल्यांदा, म्हणून छापलंय. आपण बेतानं लावू की."

माझी कानशिलं पुन्हा तापली. तोंडावर आलं होतं की याला दुकानाबाहेर काढावं. पण त्याच्या गावातल्या दवाखान्यात कुणीतरी जैतुन असणार, कुणीतरी दस्तगीर दाराबाहेर बाकावर बसणार. हा गडी दिसण्यावर जाणारा आहे, माझ्यासारखाच.

"त्यो खुळा मी," मी म्हणालो. "बस खाली. ते मीटर घे हातात, आणि कागद लावून आणि काढून, दोन्ही वेळा सुई स्वतःच्या डोळ्यांनी बघ."